सवाल तुमचे: कॉपीरायटिंगचं पहिलं काम आणायचं कुठून?

फ्रीलान्स कॉपीरायटिंगबद्दल काय विचारायचंय ते विचारा म्हटलं होतं, तर प्रश्नांचा ढीगच आला. बरेचसे सारखे होते ते एकत्र केलेत, काही फारच खाजगी होते त्यांना वेगळं उत्तर पाठवलंय. हे काम नेमकं काय असतं तेच माहीत नसेल तर थोडक्यात, धंद्याला गिऱ्हाईक मिळावं म्हणून जे जे लिहिलं जातं, वेबसाइटचं पान, जाहिरात, मेल, प्रॉडक्टचं वर्णन, पॅम्प्लेट, ती सगळी कॉपी, आणि ती लिहून देणारा कॉपीरायटर. कविता चांगली करता येते म्हणून हे जमेलच असं नाही. कविता अजिबात येत नसली तरी काही अडत नाही.

प्रश्न: मी आठ वर्षं एका फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे. लिहायची आवड आहे, ऑनलाइन कोर्सही केला. पण जिथे विचारावं तिथे पोर्टफोलिओ, म्हणजे आधी केलेल्या कामाचे नमुने, मागतात. काम नाही म्हणून पोर्टफोलिओ नाही आणि पोर्टफोलिओ नाही म्हणून काम नाही. काय करू?

उत्तर: ताई, सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही पहिल्याच वाक्यात सांगितलीत आणि पुढे तिचं नावही काढलं नाहीत. आठ वर्षं रिसेप्शनवर! म्हणजे पेशंट फोनवर आधी काय विचारतो, कशाला घाबरतो, दोन सिटिंग झाल्यावर यायचं का बंद करतो, सोबत आलेला मुलगा बाहेर बसून काय कुरकुरतो, हे सगळं तुम्हाला तोंडपाठ. बक्षिसं मिळवलेल्या कॉपीरायटरलासुद्धा हे आधी कुणाकडून तरी काढून घ्यावं लागतं. तुम्ही मात्र "कुठलाही विषय चालेल" म्हणून सगळीकडे अर्ज करताय, आणि मग साहजिकच दुकानं, सॉफ्टवेअर, टूर कंपन्या सगळ्यांच्या दारात तुम्ही नवख्याच ठरताय.

डेव्हिड ओगिल्व्ही हे जाहिरातीतलं केवढं मोठं नाव. हा माणूस आधी स्कॉटलंडमध्ये दारोदार फिरून आगा नावाचे कुकर, म्हणजे स्वयंपाकाच्या मोठ्या भट्ट्या, विकायचा. विक्री चांगली व्हायची म्हणून कंपनीने त्याला बाकीच्या सेल्समनसाठी एक पुस्तिका लिहायला सांगितली, ती त्याने १९३५ मध्ये लिहिली. त्याचा भाऊ लंडनला एका जाहिरात एजन्सीत होता, त्याने ती तिथे दाखवली आणि त्यावर ह्याला नोकरी मिळाली. न्यूयॉर्कला स्वतःची एजन्सी काढली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९४८ मध्ये. म्हणजे त्याचं पहिलं सँपल काय होतं, तर जी वस्तू तो रोज विकत होता तिच्याबद्दलच लिहिलेलं काहीतरी.

तर तुम्ही तीनच सँपल करा, तीनही फिजिओचीच. एक वेबसाइटचं पहिलं पान, एक पेशंटला पाठवायचा मेल (पहिल्या सिटिंगच्या आधीचा, काय घालून या, रिपोर्ट कुठले आणा वगैरे), आणि एक जाहिरात. पानाचं उदाहरण देते. अशा साइटवर हमखास असतं, "अनुभवी तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली अत्याधुनिक उपकरणांद्वारे उत्कृष्ट उपचार". ह्यातून वाचणाऱ्याला काय कळलं? काहीच नाही. त्याजागी हे बघा: "गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जिना उतरायची भीती वाटते? पहिल्या दिवशी आम्ही व्यायाम देत नाही. अर्धा तास फक्त तपासतो, आज तुम्हाला काय जमतंय ते लिहून ठेवतो, आणि दोन आठवड्यांनी तेच परत तपासून दाखवतो." जिना चढायची नाही, उतरायची भीती, हे बाहेरच्या माणसाला पटकन सुचणार नाही, तुम्हाला सुचेल. अर्थात क्लिनिक खरंच तसं करत असेल तरच लिहायचं. आणि क्लिनिक काल्पनिक असेल तर सँपलवर वरच "सरावासाठी" असं स्वच्छ लिहा, त्यात काही कमीपणा नाही. खोटे अभिप्राय मात्र टाकू नका, आणि तुमच्या क्लिनिकच्या पेशंटची माहिती नाव बदलूनसुद्धा वापरू नका.

प्रत्येक सँपलच्या वर दोन-तीन ओळी हव्यात की वाचणारा कोण, त्याची अडचण काय, आणि मी असं का लिहिलं. पुष्कळदा क्लायंटला कॉपीपेक्षा ह्या ओळीच जास्त आवडतात कारण तुमचं डोकं कसं चालतं ते तिथे दिसतं. वेबसाइट लागत नाही, एक साधी गुगल डॉकची लिंक पुरते. आणि पहिलं दाखवायचं कुणाला, तर तुमच्याच डॉक्टरांना, मग ते ज्यांच्याकडे पेशंट पाठवतात त्या ऑर्थोपेडिकवाल्यांना, मग औषधं आणि उपकरणं विकायला जे प्रतिनिधी येतात त्यांना. पहिलं काम बहुतेकदा ओळखीतूनच येतं हो. ओळखीतून म्हणजे वशिल्याने असं नाही, तो माणूस तुम्हाला आठ वर्षं वेळेवर येताना बघतोय म्हणून.

प्रश्न: वय २२. शंभरेक कंपन्यांना हा मेल पाठवला, एकाचंही उत्तर नाही: "नमस्कार, मी एक पॅशनेट कॉपीरायटर आहे. मी वेबसाइट कंटेंट, ब्लॉग, ईमेल, सोशल मीडिया, व्हिडिओ स्क्रिप्ट असं सर्व काही लिहितो. आपली काही रिक्वायरमेंट असल्यास कृपया कळवावे." काय चुकतंय?

उत्तर: तुला अरे-तुरे करते, चालेल ना. हा मेल मला आला असता तर मीही उत्तर दिलं नसतं, आणि राग म्हणूनही नाही, उत्तर काय द्यायचं तेच कळलं नसतं. त्यात वाचणाऱ्याबद्दल एक अक्षर नाही, कंपनीचं नाव बदललं की तोच मेल कुणालाही जातो, आणि तो तसा गेलाय हे त्यालाही दिसतं. शिवाय "रिक्वायरमेंट असल्यास कळवा" म्हणजे विचार करायचं काम तू त्याच्यावर ढकललंस. त्याला बिचाऱ्याला मुळात माहीतच नाही की आपल्या पानावरची कुठली ओळ गिऱ्हाईक घालवतेय. ते सांगणं हेच तर तुझं काम.

समज एक कंपनी कॅमेरे आणि लेन्स भाड्याने देते. तू तिच्या साइटवर गेलास, गिऱ्हाईक म्हणून बुकिंग करायचा प्रयत्न केलास, आणि एका ठिकाणी अडकलास. मग मेल असा:

"विषय: डिपॉझिटबद्दल एक ओळ

नमस्कार, तुमच्या साइटवर लेन्स भाड्याने मिळते का बघत होतो. दर आणि तारखा लगेच कळल्या, पण डिपॉझिट परत कधी मिळतं हे बघायला नियमांच्या पानावर पार खालपर्यंत जावं लागलं. पहिल्यांदा येणारा बहुतेक इथेच थबकत असेल. बुकिंगच्या बटणावर ही ओळ टाकून बघा: 'लेन्सची तपासणी तुमच्यासमोर, डिपॉझिट त्याच दिवशी परत.' तुमचा नियम वेगळा असेल तर तसा बदल करा. ओळ आवडली तर खुशाल वापरा. मी कॉपीरायटर आहे, बुकिंगचं सगळं पान असं लिहून हवं असेल तर गुरुवारी दहा मिनिटं फोनवर बोलू शकतो. माझी दोन सँपल इथे आहेत."

बस, एवढंच. पॅशनेट नाही, काही नाही. असे दिवसाला शंभर जात नाहीत, चार-पाच गेले तरी डोळे दुखतात, पण ते वाचले जातात. ओळ फुकट दिली तर तो ती वापरेल आणि मला विचारणारच नाही अशी भीती असते सगळ्यांना. काही जण करतील तसं. एका ओळीने तुझं काय गेलं?

पाठवायचं कुणाला हा खरा प्रश्न. मोठ्या कंपन्यांचा नाद सोड, तिथे तुझा मेल ज्याच्याकडे जातो त्याच्या हातात काही नसतं. जिथे मालक स्वतः मेल वाचतो आणि जिथे जाहिरातीवर आधीच पैसे खर्च होतायत अशा ठिकाणी जा. ते ओळखायचं कसं? फेसबुक-इन्स्टाग्रामवर कोण सध्या कुठली जाहिरात चालवतंय ते मेटाच्या ॲड लायब्ररीत कुणालाही फुकट बघता येतं, जाहिरात कधीपासून सुरू आहे तेही दिसतं. गुगलचंही तसंच ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटर आहे. एखादी जाहिरात महिनोन् महिने चालू असेल तर त्यात पैसा येत असणार, आणि त्यावर क्लिक करून उघडणारं पान जर गचाळ असेल तर तुझं काम समोरच दिसतंय. पैसे टाकून गिऱ्हाईक दारापर्यंत आणलं आणि दार बंद, असं त्याला दाखवून दे.

दुसरी जागा जिच्याकडे नवे लोक बघतच नाहीत, वेबसाइट बनवणारे डिझायनर आणि डेव्हलपर. त्यांची कायमची रड असते की साइट तयार आहे पण क्लायंट मजकूर देत नाही, आज देतो उद्या देतो करत दोन महिने जातात, आणि साइट अडकली की ह्यांचं शेवटचं बिलही अडकतं. तू जाऊन म्हटलंस की क्लायंटशी मी बोलतो, मजकूर मी काढून घेतो, तुला साच्यात बसवून देतो, तर तो माणूस तुला सोडणार नाही. असा एक डिझायनर धरलास की त्याच्यामागून पाच क्लायंट येतात.

फॉलोअप कर, पण किती ते ठरव. चार-पाच दिवसांनी एकदा, आठवड्याने आणखी एकदा, मग सोडून दे. आणि फॉलोअपमध्ये "माझा मेल बघितलात का" एवढंच लिहू नकोस, प्रत्येक वेळी आणखी काहीतरी कामाचं सांग.

प्रश्न: अपवर्क, फायव्हर अशा फ्रीलान्स कामं मिळणाऱ्या साइटवर प्रोफाइल काढावं का?

उत्तर: काढा की, पण तेवढ्यावर बसून राहू नका. फायव्हर विकणाऱ्याच्या कमाईतून २० टक्के कापतं, ते धरूनच दर लावा. अपवर्कवर अर्ज करायला कनेक्ट्स, म्हणजे तिथली टोकन, लागतात आणि ते विकत घ्यावे लागतात, म्हणजे दिसेल त्या कामावर उडी मारली तर कमाईआधी खर्चच. तिथे "सर्व प्रकारचं लेखन" असं प्रोफाइल गर्दीत हरवतं, "फिटनेस ॲपसाठी वेलकम मेल" असं असेल तर शोधणाऱ्याला सापडतं. बाकी तिथे सगळे दरावरून एकमेकांचे गळे कापतात ही तक्रार खरी आहे, ती मी नाकारत नाही.

प्रश्न: शब्दामागे दर लावू, तासाला लावू की पूर्ण कामाचा? सुरुवातीला किती मागावं?

उत्तर: आकडा मी सांगणार नाही, कारण तो देश, भाषा, विषय ह्याप्रमाणे इतका बदलतो की माझ्या आकड्याने तुमचं नुकसानच होईल. कसा काढायचा ते सांगते. वर्षाचे ५२ आठवडे, त्यातले सुट्ट्या-आजारपणाचे धरून ४६ कामाचे राहिले समजा. आठवड्याला ४० तास बसलात तरी ज्याचं बिल लावता येतं असे तास निम्मेच निघतात, बाकीचे मेल, फोन, हिशेब, काम शोधणं ह्यात जातात. म्हणजे ४६ गुणिले २०, वर्षाला ९२० तास. घरखर्च, टॅक्स, इंटरनेट, लॅपटॉपची झीज, थोडी शिल्लक असं वर्षाचं सगळं मिळून जे होईल त्याला ९२० ने भागा. हा तुमचा तासाचा खालचा दर, ह्याच्या खाली गेलात तर काम करून गरीब व्हाल.

पण हा दर क्लायंटला सांगायचा नाही, तो तुमच्यापुरता. त्याला पूर्ण कामाचा एक आकडा द्या. एका साध्या होमपेजला बोलणं दोन तास, वाचन आणि बाकीच्यांच्या साइट बघणं तीन, पहिला ड्राफ्ट पाच, दुरुस्त्या तीन, इकडचं तिकडचं एक, झाले १४ तास. त्यावर थोडं चढवा कारण पहिल्या वेळी अंदाज हमखास कमीच निघतो. शब्दामागे दर मला अजिबात पटत नाही, कारण कॉपीत मेहनत शब्द कमी करायलाच लागते आणि शब्दावर पैसे घेतले की चांगलं काम करून तुम्ही स्वतःचंच बिल कमी करता! लांबलचक ब्लॉग वगैरे असेल तर ठीक, तिथे तीच पद्धत पडून गेलीय.

प्रश्न: क्लायंट म्हणतो आधी एक फुकट टेस्ट लिहून दाखवा. द्यावी का?

उत्तर: सँपल असताना कशाला? ते पाठवा. तरीही हवीच असेल तर छोटी आणि पैसे घेऊन. आख्खं लँडिंग पेज (जाहिरातीवर क्लिक केलं की उघडतं ते पान) "टेस्ट" म्हणून मागणारा बहुतेक तेच पान चढवून मोकळा होतो. एखाद्या संस्थेला मदत म्हणून फुकट करायचं असेल तर जरूर करा, फक्त इनव्हॉइस बनवा, त्यात पूर्ण रक्कम दाखवा आणि खाली १०० टक्के सूट. कामाची किंमत त्यांना कळली पाहिजे, आणि ते पुढे कुणाला तुमचं नाव सुचवतील तेव्हा "फुकट करून देतात" असं सांगणार नाहीत.

प्रश्न: पहिला क्लायंट मिळाला! पण तो म्हणतो "तुम्ही लिहा, मग बघू". लिहिलं की "हे नाही, काहीतरी वेगळं". सहावा ड्राफ्ट चालू आहे आणि पैसे एकही मिळाले नाहीत.

उत्तर: अभिनंदन आणि सहावा ड्राफ्ट आत्ता थांबवा. त्याला एक फोन करा, लिहायला नाही, विचारायला. माप न घेता शिवलेला कपडा सहा वेळा उसवला तरी अंगावर बसणार कसा.

क्लॉड हॉपकिन्स म्हणून अमेरिकेतला जुना कॉपीरायटर होता, त्याला श्लिट्झ ह्या बिअर कंपनीचं काम मिळालं. तेव्हा सगळ्याच कंपन्या आमची बिअर शुद्ध, आमची बिअर शुद्ध म्हणून ओरडत होत्या. हा गडी कारखान्यात जाऊन फिरला. बाटल्या वाफेने कशा धुतात, पाणी किती खोल विहिरीतून काढतात, हवा कशी गाळतात, सगळं बघून चक्रावला आणि म्हणाला हे लोकांना सांगत का नाही? ते म्हणाले त्यात काय, सगळेच असं करतात. हॉपकिन्सने तेच लिहिलं, आणि श्लिट्झचा खप भराभर वाढला. क्लायंटला जे रोजचं, साधं वाटतं तेच पुष्कळदा तुमच्या कामाचं असतं, पण ते तो आपणहून सांगत नाही कारण त्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

म्हणून विचारा. शेवटचं गिऱ्हाईक कोण होतं आणि तुमच्याकडे यायच्या आधी ते काय वापरत होतं? घेता घेता कुणी मागे फिरलं तर काय म्हणून फिरलं? तक्रार कशाची येते? वाचून झाल्यावर वाचणाऱ्याने काय करायला हवंय, फोन की बुकिंग की नुसतं नाव नोंदवायचं? आणि जमलं तर त्याच्या दोन-तीन गिऱ्हाइकांशी स्वतः बोला, त्यांच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या. त्यातल्याच एखाद्याची हेडलाइन होते.

आता पैशाचं. ह्यापुढे कुठलंही काम सुरू करायच्या आधी एक मेल, वकिली भाषा नको, साधी: काय काय लिहून देणार, कधी देणार, निम्मे पैसे आधी, उरलेले फायनल ड्राफ्टनंतर इतक्या दिवसांत, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या धरलेल्या, तिसरीपासून वेगळे पैसे, आणि पूर्ण पैसे मिळेपर्यंत मजकूर वापरायचा हक्क माझ्याकडे. "मान्य" असं उत्तर आलं की मगच फाइल उघडायची. एक गोष्ट हमखास राहून जाते, शेवटचा होकार कोणाचा हे नाव घालून लिहा. तुम्हाला भेटतो मॅनेजर, ड्राफ्ट आवडतो त्याला, आणि चौथ्या दिवशी कधी न दिसलेला पार्टनर उगवतो आणि "हे नाही" म्हणतो. तुमच्या सहा ड्राफ्टमागे असा कोणी आहे का बघा, मला दाट शंका आहे.

सध्याच्या ह्या क्लायंटला सांगा, सहावा ड्राफ्ट आपल्या बोलण्यानंतर देते, त्याआधी निम्मी रक्कम पाठवा. नाही म्हणाला तर तो पुढेही देणार नव्हता.

प्रश्न: एआय फुकटात लिहितं. मग ह्या धंद्यात आता यावं तरी का?

उत्तर: चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि त्यानंतर ज्या कामात नेटवरचीच माहिती इकडून तिकडे फिरवायची होती ते काम आटत चाललंय, ह्यात खोटा दिलासा मी देणार नाही. पाचशे शब्दांचा "पाणी पिण्याचे फायदे" लिहून कुणी घर चालवू शकेल असं मला वाटत नाही. पण जे नेटवर नाहीच, म्हणजे त्या लेन्सवाल्याचं गिऱ्हाईक डिपॉझिटवर अडतंय किंवा पेशंट जिना उतरायला घाबरतोय, ते कुणीतरी जाऊन विचारून आणल्याशिवाय एआयलाही मिळत नाही. विचारून आणणारे तुम्ही व्हा. हेडलाइनचे वीस प्रकार काढायला, चुका बघायला एआय बिनधास्त वापरा. फक्त क्लायंटचे आतले कागद त्याला न विचारता त्यात टाकू नका, आणि एआयने दिलेला प्रत्येक आकडा स्वतः तपासा, ते ठोकून देतं.

प्रश्न: नाव, लोगो, व्हिजिटिंग कार्ड, वेबसाइट, ह्यातलं आधी काय करू?

उत्तर: आधी क्लायंट करा.

प्रश्न: नोकरी करत करत दोन क्लायंट झालेत. नोकरी कधी सोडू?

उत्तर: दोनात एकाकडून जवळजवळ सगळे पैसे येत असतील तर अजून नको, तो गेला की तुम्ही परत शून्यावर. निदान तीन महिने सलग कॉपीरायटिंगमधून घरखर्च निघतोय, कुठलाही एक क्लायंट निम्म्याहून जास्त नाही, आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे, असं झालं की विचार करा. दोघांपैकी कुणाला तरी महिन्याच्या ठरावीक कामावर आणता येतं का बघा, म्हणजे दर महिन्याला चार मेल आणि एक पान, ठरलेले पैसे, ठरलेली तारीख. नव्याला पकडण्यापेक्षा आहे त्याच्याकडूनच पुढचं काम मिळवणं सोपं असतं, आणि ते मागायला लोक उगाच लाजतात. पान चढून महिना झाला की फोन करा, फरक पडला का विचारा, पडला असेल तर ते त्याच्याच शब्दांत दोन ओळींत लिहून मागा आणि लगेच विचारा पुढे काय लिहायचंय. आणि नोटीस द्यायच्या आधी नोकरीचं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा, बाहेरचं काम करायला मनाई किंवा कंपनीचे क्लायंट घ्यायला बंदी असं कलम बऱ्याच ठिकाणी असतं.